हजार पाव, हजार घडे

सक्काराच्या वाळूत दुसऱ्या राजवंशाच्या काळातले, म्हणजे सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वीचे, एका स्त्रीचे थडगे सापडले. संशोधकांच्या यादीत त्याचा क्रमांक ३४७७. शवपेटीजवळ जमिनीवर एक पूर्ण जेवण वाढलेले होते. मातीच्या आणि दगडाच्या थाळ्यांत जवाची लापशी, त्रिकोणी पाव, शिजवलेला मासा, कबुतराचा रस्सा, दोन गुर्दे, गोमांसाच्या बरगड्या, छोटे गोल केक, शिजवलेली फळे, बोरे आणि जवळच वाइनचा रांजण. लावा पक्षी साफ करून, त्याचे डोके पंखाखाली मुडपून शिजवला होता. उत्खनन करणारे वॉल्टर एमरी यांनी १९६२ मध्ये केवळ या जेवणावर एक छोटे पुस्तक लिहिले. सांगाड्याच्या तपासणीत दिसले की बाईंचा जबडा धड नव्हता. हयातीत त्यांना एकाच बाजूने चावता येत असे. तरीही ताटात बरगड्या होत्या. मरणानंतर जबडा आडवा येणार नाही, अशी वाढणाऱ्याची खात्री असावी.

इजिप्तच्या धर्माविषयी मराठीत जे वाचायला मिळते त्यात पिरॅमिड असतात, ममी असतात, तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा असतो, पशुपक्ष्यांच्या तोंडाचे देव असतात. ताट मात्र कोपऱ्यात पडून राहते. मला हे उलटे वाटते. तीन हजार वर्षे हा धर्म रोजच्या रोज कशावर चालला, याचे उत्तर त्या ताटातच आहे. देव, मृत आणि जिवंत माणसे एकाच पावावर जगत होती. देवापुढे ठेवलेला पाव तिथून मृतांच्या पुतळ्यांकडे जाई आणि शेवटी पुरोहितांच्या घरी पोचे. त्या पावाचा माग काढत गेले की गाभारा, थडगे, शेत, कोठार, भट्टी आणि मजुराचे घर, सगळे वाटेत लागते. पुढची प्रकरणे त्याच मागावर आहेत.

सुरुवात मृतांपासून करावी लागते, कारण भुकेची भीती सर्वांत मोठी तिथे होती. माणसाची जीवनशक्ती, जिला ते ‘का’ म्हणत, मरणानंतरही टिकते; पण तिला अन्न लागते. अन्न थांबले तर काय होईल याची कल्पना इजिप्शियन माणसाने अगदी उघड्या शब्दांत लिहून ठेवली आहे. मध्य राज्याच्या काळात शवपेट्यांवर लिहिलेल्या मंत्रांत, परलोकात विष्ठा खाण्याची आणि मूत्र पिण्याची वेळ येऊ नये म्हणून स्वतंत्र मंत्र आहेत. उपासमारीचा हा धाक लक्षात घेतला की थडग्यांच्या भिंतींवर पावांचे, बदकांचे आणि कांद्यांच्या जुड्यांचे एवढे डोंगर का रचले आहेत ते कळते.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गिझाहून आणलेला एक चुनखडीचा शिलापट आहे. नेफरतियाबेत नावाच्या राजघराण्यातल्या स्त्रीचा, खुफूच्या काळातला. रंग अजून शाबूत आहेत. बिबट्याच्या कातड्याचे, एक खांदा उघडा ठेवणारे वस्त्र नेसून ती बसली आहे. समोर चौरंगासारखा एकखांबी मेज आहे आणि त्यावर पावाचे उभे काप शेजारी शेजारी लावले आहेत. वर आणि भोवती चित्रलिपीत यादी आहे: धूप, तेल, डोळ्यांत घालायचा हिरवा आणि काळा रंग, वाइन, अंजीर. उजवीकडच्या रकान्यात तागाच्या कापडांचे प्रकार आणि त्यांच्या संख्या. आणि मेजाजवळ काही चिन्हे अशी की ज्यांचा अर्थ लागतो: हजार पाव, हजार घडे बिअर, हजार बैल... इजिप्तमध्ये पुढे कित्येक शतके हीच ‘हजार’ची भाषा चालली. ‘राजा देतो ते अर्पण’ अशा शब्दांनी सुरू होणारे एक सूत्र शिलापटांवर, पुतळ्यांवर, शवपेट्यांवर हजारो वेळा कोरले गेले. आधी राजा देवाला देतो, मग देव मृताला देतो, अशी त्यामागची वाट. सामान्य कारकुनाच्या थडग्यातला पावसुद्धा कागदोपत्री राजाच्या हातून आलेला असे.

पाचव्या राजवंशाच्या अखेरीस, इ.स.पू. २३५०च्या सुमारास, उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये भिंतीवर मंत्र कोरले गेले. पिरॅमिडमध्ये मंत्र कोरल्याचे हे पहिले उदाहरण. त्यात अर्पणविधीचा मोठा भाग आहे आणि त्याची घडण थक्क करणारी आहे. पाणी, धूप, पाव, कांदा, बिअर, मांसाचा प्रत्येक तुकडा देताना पुरोहित एकच गोष्ट म्हणतो: हा होरसचा डोळा आहे, तो घे. सेतने होरसचा डोळा उपटला, तो पुन्हा बरा झाला आणि होरसने तो आपल्या मृत पित्याला, ओसायरिसला, दिला. या कथेचा तो संदर्भ. म्हणजे मुलाने बापापुढे ठेवलेला प्रत्येक घास हा मुलाने आपल्या देहातून काढून दिलेला अवयव आहे. इजिप्शियन धर्मातली ही कल्पना मला सर्वांत हृद्य वाटते. तिने कांद्यासारख्या साध्या वस्तूला एका जखमेची आणि एका ऋणाची किंमत दिली.

हे सगळे राजेमहाराजांपुरते होते असे वाटायला नको. लंडनच्या पेट्री संग्रहालयात काऊ या गावाजवळ मिळालेला मातीचा एक वाडगा आहे. शेप्सी नावाच्या माणसाने त्यात आपल्या मेलेल्या आईवडिलांना पत्र लिहिले आहे. आतल्या बाजूने वडिलांना, बाहेरच्या बाजूने आईला. अशा वाडग्यांत मृतांसाठी अन्न ठेवले जाई, म्हणजे जेवता जेवता मजकूर वाचला जाईल अशी सोय होती. पत्राचा विषय मालमत्तेच्या कटकटीचा, भावाबद्दलच्या तक्रारीचा. पण आईला लिहिताना तो आधी तिला आठवण करून देतो: तू लावे खायला मागितलेस, मी सात लावे आणून दिले, तू ते खाल्लेस. मग तो विचारतो की आता तुझ्या मुलावर अन्याय होतो आहे तो तुझ्या डोळ्यांदेखत कसा? सेवा केली आहे, तर तिचा मोबदला हवा. मृताला जेवू घालणारा माणूस त्याच्याशी हक्काने भांडूही शकत होता.

देवळात हीच देवघेव मोठ्या प्रमाणावर होती. अबायडॉस इथल्या सेती पहिल्याच्या मंदिरात रोजच्या पूजेचे टप्पे भिंतीवर कोरलेले आहेत. चित्रात पूजा करणारा नेहमी राजा असतो. प्रत्यक्षात त्याच्या वतीने पुरोहित. तो पहाटे स्नान करून गाभाऱ्यात जाई, दारावरची मातीची मोहर फोडी, कडी सरकवी, देवाच्या मूर्तीपुढे जमिनीवर लोटांगण घाली. मग धूप, जुनी वस्त्रे उतरवून नवी तागाची वस्त्रे, तेल, आणि अन्न. निघताना तो मागे सरत, स्वतःच्या पावलांचे ठसे झाडूने पुसत बाहेर पडे आणि दार पुन्हा मोहरबंद होई.

देव अन्नाचे सार घेई. वस्तू तशीच उरे, आणि इथून पुढचा प्रवास इतिहासकाराच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. मुख्य देवापुढून ते अन्न लहान देवांपुढे, मग राजांच्या आणि मानकऱ्यांच्या पुतळ्यांपुढे फिरे आणि अखेर देवळाच्या सेवकवर्गात वाटले जाई. मराठी वाचकाला इथे नैवेद्य आणि प्रसाद आठवणार, आणि ते स्वाभाविक आहे. पण फरक लक्षात ठेवावा. आपल्याकडे प्रसाद चिमूटभर मिळाला तरी पुरतो, कारण त्याचे मोल प्रमाणात नसते. इजिप्तमध्ये वाटा मोजून मिळे, ठरलेल्या हिश्शाने मिळे, आणि तोच पुरोहिताचा पगार होता.

हिस्सा किती बारकाईने मोजला जाई हे असयूतच्या जेफाइहापीने दाखवून दिले आहे. हा सेनुस्रेत पहिल्याच्या काळातला, इ.स.पू. विसाव्या शतकातला प्रांताधिकारी. त्याने आपल्या मागे आपल्या पुतळ्याला पाव, बिअर आणि दिव्याच्या वाती मिळत राहाव्यात म्हणून देवळातल्या पुरोहितांशी आणि इतरांशी दहा करार केले आणि ते सर्व थडग्याच्या भिंतीवर कोरून घेतले. कोणत्या सणाला कोणी काय द्यायचे, मोबदल्यात त्याला काय मिळेल, सगळे स्पष्ट. देवळात जे पाव, बिअर आणि मांस येते त्यातला वर्षाचा तीनशे साठावा भाग म्हणजे देवळाचा एक दिवस, अशी व्याख्यासुद्धा तो देतो, आणि असे काही दिवस तो पुरोहितांना देऊन टाकतो. हे दिवस अधिकारपदाबरोबर आलेले नसून वडिलांच्या घरून वारशाने आले आहेत, हे तो बजावतो. कारण पदाची मिळकत पुढच्या अधिकाऱ्याकडे जाईल आणि तो करार मोडू शकेल. चार हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाला आपल्या मागे येणाऱ्यांचा भरवसा नव्हता. म्हणून त्याने देवावर श्रद्धा ठेवली आणि करार मात्र माणसांशी केले.

नव्या राज्याच्या काळात हा हिशेब राज्याच्या आकाराचा झाला. थीब्जच्या पश्चिम तीरावर मदिनत हाबू इथे रामसेस तिसऱ्याच्या मंदिराच्या दक्षिणेकडच्या बाहेरील भिंतीवर अर्पणांची लांबलचक दिनदर्शिका कोरलेली आहे. रोजचे काय, महिन्याच्या ठरावीक तिथींचे काय, सणांचे काय, प्रत्येक पदार्थाची संख्या आणि त्याला लागणारे धान्य यांसह. रोजच्या पूजेलाच सुमारे साडेपाच हजार पाव आणि दोनशेच्या वर घडे बिअर लागे. एवढे अन्न मूठभर पुरोहित खाऊ शकत नाहीत. त्यावर शेकडो कुटुंबे जगत होती. मंदिरांमागची कोठारे म्हणजे राज्याचा धान्यसाठा होता; रामसेस दुसऱ्याच्या मंदिरामागे, रामेसियममध्ये, विटांच्या कमानदार कोठारांच्या रांगा आजही उभ्या आहेत.

आणि याच कोठारांच्या दारात एक दिवस भुकेली माणसे येऊन बसली. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर दैर अल-मदिना या वस्तीत राहत. त्यांचा शिधा राज्याकडून येई: साध्या कारागिराला महिन्याला चार खार गहू पावासाठी, दीड खार जव बिअरसाठी, एक खार म्हणजे सुमारे ७७ लिटर. रामसेस तिसऱ्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, शिधा थकला. कामगारांनी हत्यारे ठेवली, पहारे ओलांडले आणि ते थुतमोस तिसऱ्याच्या मंदिरामागे जाऊन बसले. पुढे रामेसियमपर्यंत पोचले. महिन्याचे अठरा दिवस गेले आणि आम्ही उपाशी आहोत, अशी त्यांची तक्रार ट्यूरिनच्या संग्रहालयातल्या पपायरसवर नोंदलेली आहे. नोंद झालेल्या संपांत हा जगातला सर्वांत जुना समजला जातो. त्यांनी देवळाच्याच दारात जावे यात काही योगायोग नाही. धान्य कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते. भिंतीवर साडेपाच हजार पाव कोरणाऱ्या राजाच्याच राज्यात हे घडले, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने कधी नजरेआड करू नये.

आखेनातेनच्या अमार्नात हा विरोध आणखी टोकाला गेलेला दिसतो. त्याने अंधाऱ्या गाभाऱ्याऐवजी उघड्यावर, सूर्याखाली पूजा आणली आणि आतेनच्या मोठ्या मंदिरात विटांचे शेकडो अर्पण-ओटे बांधले. चित्रांत ते अन्नाने ओसंडत आहेत. त्याच शहराच्या सामान्य रहिवाशांच्या दफनभूमीतले सांगाडे मात्र कुपोषणाच्या, खुंटलेल्या वाढीच्या आणि जड ओझ्यांच्या खुणा दाखवतात.

ताटातल्या वस्तूंकडे वळू. पावाचा गहू होता एमर, म्हणजे आपला खपली गहू. सांगली-सातारा-कोल्हापूरकडे ज्याची खीर होते, तीच जात. नुसत्या मळणीने त्याचे टरफल सुटत नाही, कांडावे लागते. इजिप्तमधल्या घराघरांत सापडणारी दगडी उखळे त्यासाठीच होती. गिझाला पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या वस्तीत मार्क लेनर यांच्या पथकाला १९९१ मध्ये बेकऱ्या सापडल्या, आणि त्यांत घंटेच्या आकाराचे जाड मातीचे साचे. बिअरविषयी बराच काळ समज होता की अर्धवट भाजलेले पाव पाण्यात कुस्करून ती करीत. डेल्वेन सॅम्युअल यांनी भांड्यांत चिकटून राहिलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि १९९६ मध्ये वेगळी कृती मांडली: मोड आणलेले धान्य एकीकडे, शिजवलेले धान्य दुसरीकडे, आणि मग दोन्हींचे मिश्रण. पावाचा संबंध त्यात दिसला नाही. अबायडॉसला २०२१ मध्ये जाहीर झालेली मद्यशाळा तर इ.स.पू. ३०००च्या आसपासची आहे. प्रत्येकी वीस मीटर लांबीचे आठ भाग, प्रत्येकात दोन ओळींत सुमारे चाळीस घडे, आणि एका वेळी अंदाजे २२,४०० लिटर बिअर. ती पहिल्या राजांच्या विधींसाठी होती. इजिप्तचे राज्य उभे राहत असतानाच अर्पणाची यंत्रणाही उभी राहिली, असे यावरून म्हणता येते.

मांसाचे प्रकरण निराळे. बैलाचा पुढचा पाय हे मानाचे अर्पण. मृताच्या ‘मुख उघडण्याच्या’ विधीत तो ताजा कापून पुढे करीत. तुतनखामुनच्या थडग्यात बदकांच्या आणि गोमांसाच्या अठ्ठेचाळीस लाकडी पेट्या होत्या, आतल्या तुकड्याच्या आकारानुसार घडवलेल्या. राणी तियेच्या आईवडिलांच्या, युया आणि चुया यांच्या, थडग्यातल्या बरगड्यांवर पिस्त्याच्या कुळातल्या झाडाची महागडी राळ लावली होती, असे २०१३ मध्ये रासायनिक तपासणीतून कळले. माणसाच्या शवाइतकीच काळजी त्याच्या शिदोरीची घेतली जात होती. मासा मात्र गरिबाचे रोजचे अन्न असूनही विधीतून बहुधा वगळलेला. सक्काराच्या त्या जुन्या ताटात तो आहे, पण पुढच्या काळात पावित्र्याच्या कल्पना कडक झाल्या. कुशचा राजा पियांखी याने इजिप्त जिंकल्यावर शरण आलेल्या राजांपैकी मासे खाणाऱ्यांना राजवाड्यात पाऊल ठेवू दिले नाही, असे त्याच्या विजयलेखात नमूद आहे.

या अन्नाचा परिणाम खाणाऱ्यांच्या देहावरही उमटला. रोझली डेव्हिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की पुरोहित आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या ममींमध्ये रक्तवाहिन्या कठीण झाल्याच्या खुणा आहेत, बदकांचे आणि बैलांचे चरबीयुक्त मांस, जे देवळातून घरी येई, त्याच्याशी त्यांनी याचा संबंध जोडला.

सर्वांत मोठे अर्पण मात्र खाण्याचे नव्हतेच. देवळांच्या भिंतींवर राजा तळहातावर एक छोटी बसलेली स्त्री, डोक्यावर पीस असलेली, देवापुढे धरतो. ती मात: सत्य, न्याय, जगाची घडी. देव मातवर जगतात असे इजिप्शियन मानत. म्हणून मृताला न्यायसभेत जे नाकबूल करावे लागे त्या पापांच्या यादीत, देवळातले पाव कमी केले नाहीत, मृतांचे अन्न पळवले नाही, हेही येते. वाटा मारणे आणि जगाची घडी विस्कटणे हा एकच गुन्हा होता. या एका समजुतीसाठी मला हा धर्म आदरणीय वाटतो, त्याच्या राजांनी ती पाळली नाही तरीही.

एवढे करूनही पुरवठा तुटे. दोन-तीन पिढ्यांत वंशज पांगत, अर्पणासाठी लावून दिलेली जमीन दुसऱ्याच्या ताब्यात जाई. यावर इजिप्शियनांनी दोन उपाय काढले. एक, अन्नाच्या प्रतिकृती. १९२० मध्ये हर्बर्ट विनलॉक यांना मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी खेळण्यांसारखी रंगीत बेकरी, मद्यशाळा, कत्तलखाना आणि धान्याचे कोठार मिळाले. ती आज कैरो आणि न्यूयॉर्कमध्ये विभागलेली आहेत. कामकरी अजून पीठ मळत आहेत. दुसरा उपाय शब्दांचा. थडग्याच्या दारावर वाटसरूला हाक मारलेली असे: तुझ्याजवळ द्यायला काही नसेल तर ‘हजार पाव, हजार घडे बिअर’ एवढे तोंडाने म्हण, तोंडच्या वाऱ्याला खर्च नाही आणि मृताला तो उपयोगी पडतो. काहींना हा फसवा उपाय वाटतो. मला त्यात गरिबीची रोकडी जाण दिसते. ज्या समाजात बहुतेकांची कोठारे रिकामी होती, तिथे धर्माने अर्पणाची किंमत एका वाक्यापर्यंत खाली आणली.

हे सर्वांत शेवटी टिकले ते दक्षिण सीमेवर, फिले बेटावर. तिथल्या शेजारच्या बेटावर ओसायरिसची समाधी मानत आणि तिच्याभोवतीच्या पात्रांत रोज दूध ओतले जाई. ती पात्रे ३६० होती असे डायोडोरस सांगतो. रोमन सम्राटांनी देवळांवर बंदी आणल्यानंतरही फिले चालू राहिले. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख तिथलाच आहे, २४ ऑगस्ट ३९४ या दिवसाचा.

वाचकांना एकच सुचवायचे आहे. पुढची प्रकरणे क्रमाने वाचायलाच हवीत असे नाही. देवकथांची आवड असेल त्यांनी उनासच्या मंत्रांपासून सुरुवात करावी, शेतीत वाढलेल्यांनी खपली गव्हाच्या प्रकरणापासून. जेफाइहापीचे दहा करार मात्र कोणी गाळू नयेत. ते कोरडे वाटतील, पण सावकाश वाचावेत. इजिप्शियन माणूस देवाकडे काय मागत होता आणि माणसांकडून काय लिहून घेत होता, हे तिथे जितके स्पष्ट कळते तितके इतर कुठेही कळत नाही.